स्पॅनिश वाङ्मय आणि संस्कृति : एका महाविद्यालयीन विषयाची ओळख

एखाद्या परदेशी विद्यापीठाचें माहितीपत्रक चाळतांना ‘हिस्पॅनिक वाङ्मय आणि संस्कृति’ असें विषयाचें नांव दृष्टीस पडलें, म्हणजे सुशिक्षित मनुष्यहि प्रथम एवढाच अर्थ घेतो कीं, तेथें स्पॅनिश भाषा शिकवीत असावेत. भाषा शिकवितात हें खरेंच. परंतु भाषा ही या विषयाची वेस आहे, गांव नव्हे. वेस ओलांडल्यावर विद्यार्थ्याला जें गांव दिसतें, त्याची वस्ती फार जुनी, फार मिश्र आणि आपसांत पुष्कळ भांडलेली अशी आहे. त्या वस्तीची ओळख विद्यार्थ्याला कशी करून देतात, आणि ती करून घेण्यांत त्याचा लाभ कोणता, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम नांवाविषयीं. आज ज्या द्वीपकल्पांत स्पेन आणि पोर्तुगाल हे देश आहेत त्याला रोमन लोक ‘हिस्पानिया’ म्हणत. त्यावरून ‘हिस्पॅनिक’ हें विशेषण आलें. परंतु त्याची व्याप्ति स्पेनच्या सीमेपाशीं थांबत नाहीं. स्पॅनिश ही आज २० स्वतंत्र राष्ट्रांची राजभाषा आहे. त्यांपैकीं एकटें स्पेन युरोपांत, विषुववृत्तीय गिनी हें एक आफ्रिकेंत, आणि उरलेलीं १८ मेक्सिकोपासून चिली-आर्जेंटिनापर्यंत अमेरिकेंत पसरलेलीं आहेत. सुमारें ५० कोटि लोकांची ती मातृभाषा आहे. म्हणजे ज्या देशानें भाषेला नांव दिलें, त्या देशाबाहेरच तिचें मोठें कुटुंब नांदतें. या एका गोष्टींतून या विषयांतील बहुतेक प्रश्न उत्पन्न होतात. ही संस्कृति कोणाची? जिंकणाऱ्याची कीं जिंकलेल्याची? आणि महाविद्यालयांत ती शिकवावयाची झाल्यास प्रारंभ कोठून करावयाचा?

हा विषय महाविद्यालयांत आला तो अलीकडे. लॅटिन आणि ग्रीक यांच्या पंक्तीला चालू भाषांनीं बसावें, हें जुन्या विद्यापीठांना मान्य नव्हतें. बॉस्टनच्या अबिएल स्मिथ नांवाच्या व्यापाऱ्यानें ठेवलेल्या देणगींतून हार्वर्ड येथें फ्रेंच व स्पॅनिश भाषांचें एक अध्यासन निर्माण झालें, आणि १८१९ सालीं जॉर्ज टिकनोर हा त्याचा पहिला अध्यापक झाला. तत्पूर्वीं त्यानें जर्मनींत गॉटिंगेन येथें अध्ययन केलें होतें आणि १८१८ सालीं स्पेनचा प्रवासहि केला होता. वर्गांत शब्दरूपें घोकून घेण्यापेक्षां त्या लोकांचें वाङ्मय कालानुक्रमानें समजावून द्यावें, हा त्याचा आग्रह होता. त्याच्यामागून त्या जागेवर कवि लाँगफेलो आला. टिकनोरनें जमविलेल्या ग्रंथसंग्रहाचें आणि त्याच्या दीर्घ परिश्रमाचें फळ म्हणजे १८४९ सालीं तीन खंडांत निघालेला स्पॅनिश वाङ्मयाचा इतिहास. एका परकीयानें लिहिलेला असा सांगोपांग इतिहास खुद्द स्पेनमध्येंहि भाषांतर करून वाचला गेला, यावरून त्याची योग्यता कळून येईल.

तथापि या विषयाला आजचें स्वरूप आलें तें विसाव्या शतकांत, आणि त्याला तीन कारणें झालीं. पहिलें कारण व्यवहाराचें. पहिल्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंतील शाळा-महाविद्यालयांतून जर्मन भाषेची उचलबांगडी झाली, दक्षिण अमेरिकेशीं व्यापार वाढला, आणि स्पॅनिशच्या वर्गांत विद्यार्थ्यांची गर्दी झाली. १९१६ सालीं फेदेरिको दे ओनीस हा स्पॅनिश पंडित न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत आला, आणि व्यापारासाठीं भाषा शिकावयास आलेल्या विद्यार्थ्यांना वाङ्मयाकडे वळविण्याचें काम त्यानें आयुष्यभर केलें.

दुसरें कारण विद्येचें. १९१० सालीं माद्रिद येथें ऐतिहासिक अध्ययनाचें एक केंद्र स्थापन झालें. त्याचा प्रमुख रामोन मेनेंदेस पिदाल हा होता. या विद्वानाची एक गोष्ट अध्यापक वर्गांत आवर्जून सांगतात. १९०० सालीं विवाहानंतरच्या प्रवासांत तो आणि त्याची विदुषी पत्नी मारिया गोयरी ओस्मा या गांवीं थांबलीं होतीं. तेथें कपडे धुणाऱ्या एका बाईला मारियेनें एक जुना पोवाडा म्हणून दाखविला. असे पोवाडे आपल्यालाहि येतात, असें सांगून ती बाई गाऊं लागली. ऐकतां ऐकतां या दोघांच्या लक्षांत आलें कीं, तिच्या तोंडचें एक गीत १४९७ सालीं मरण पावलेल्या राजपुत्र हुआनविषयींचें आहे, आणि तें कोणत्याहि छापील संग्रहांत नाहीं. चारशें वर्षें तें केवळ जिभेवर जगलें होतें. जात्यावरच्या ओव्या ज्यांनीं ऐकल्या आहेत, त्यांना यांतील मर्म निराळें सांगावयास नको. वाङ्मय म्हणजे केवळ कपाटांतील ग्रंथ नव्हेत, हा धडा या विषयाच्या पायांत त्या दिवसापासून घातला गेला.

तिसरें कारण दुःखाचें आहे. १९३६ ते १९३९ या तीन वर्षांच्या यादवी युद्धानंतर स्पेनमधील विद्वानांची एक पिढीच देशोधडीला लागली. युद्धाच्या आरंभींच, १९३६ च्या ऑगस्टमध्यें, कवि फेदेरिको गार्सिया लोर्का याची हत्या झाली होती. इतिहासकार आमेरिको कास्त्रो प्रिन्स्टनला गेला; होर्हे ग्वियेन आणि पेद्रो सालिनास हे कवि अमेरिकेंतील महाविद्यालयांत शिकवूं लागले; मेक्सिको देशानें निर्वासित पंडितांसाठीं १९३८ सालीं जी संस्था उघडली, तिच्यांतूनच पुढें ‘कोलेहियो दे मेक्सिको’ ही विख्यात विद्यासंस्था झाली. ज्यांनीं आपला देश गमावला होता त्यांनीं परदेशच्या वर्गांत उभें राहून तो देश म्हणजे काय हें सांगितलें. त्यामुळें या विषयाच्या अध्यापनांत पांडित्याबरोबर एक तळमळहि उतरली.

आतां प्रत्यक्ष अभ्यासक्रम पाहूं गेल्यास त्याचा पहिला टप्पा मध्ययुगीन स्पेनचा असतो. इ. स. ७११ पासून १४९२ पर्यंत त्या द्वीपकल्पाचा कमी-अधिक भाग मुसलमान राज्यकर्त्यांच्या हातीं होता. ख्रिस्ती, मुसलमान आणि यहुदी असे तीन समाज एकमेकांच्या शेजारीं राहिले, एकमेकांशीं लढले, आणि एकमेकांपासून शिकले. याची साक्ष भाषाच देते. मराठी माणूस ‘साखर’ म्हणतो आणि स्पॅनिश माणूस ‘असूकार’ म्हणतो. दोन्ही शब्दांचें मूळ संस्कृत ‘शर्करा’ हेंच. तो शब्द फारसींतून अरबींत आणि अरबींतून स्पॅनिशमध्यें गेला. ‘नारिंग’ याच वाटेनें जाऊन ‘नारांहा’ झालें, आणि ‘चतुरंग’ हा खेळ ‘अहेद्रेस’ झाला. दहावा आल्फोन्सो या विद्याव्यासंगी राजानें १२८३ सालीं बुद्धिबळें, फांसे वगैरे खेळांवर एक सचित्र ग्रंथ तयार करविला; तो आजहि उपलब्ध आहे. त्याच आल्फोन्सोनें राजपुत्र असतांना, १२५१ सालीं, अरबींतून स्पॅनिशमध्यें उतरवून घेतलेला ग्रंथ म्हणजे ‘कालिला ए दिम्ना’. त्या ग्रंथांतील दोन कोल्हे हे पंचतंत्रांतील करटक आणि दमनक. स्पॅनिश गद्याच्या बाल्यावस्थेंत त्याला बोट धरून चालविणाऱ्या ग्रंथांत एक ग्रंथ भारतवर्षाचा आहे, ही गोष्ट या विषयाच्या पहिल्याच वर्षीं विद्यार्थ्याला कळते.

परंतु हें मिश्रण होतें म्हणजे नेमकें काय होतें, याविषयीं पंडितांत एकमत नाहीं. कास्त्रोनें १९४८ सालीं बुएनोस आयरेस येथें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, स्पॅनिश मनुष्याचा स्वभावच या तीन समाजांच्या सहवासांतून घडला. क्लाउदियो सांचेस-आल्बोर्नोस या दुसऱ्या इतिहासकारानें १९५६ सालीं त्याचें सडेतोड खंडन केलें. स्पॅनिश स्वभावाचीं मुळें त्याहून पुष्कळ जुनीं आहेत, असें त्याचें मत. दोघेहि देशत्याग केलेले. एक अमेरिकेंत, एक आर्जेंटिनांत. हा केवळ पंडितांचा कलह नव्हता. देशांत कोण आपला आणि कोण उपरा, हा प्रश्न त्याच्या मुळाशीं होता. कारण १४९२ सालीं यहुद्यांना आणि १६०९ ते १६१४ या काळांत धर्मांतर केलेल्या मुसलमानांच्या वंशजांना स्पेननें हद्दपार केलें होतें. या वंशजांना ‘मोरिस्को’ म्हणत.

वाङ्मय आणि संस्कृति हीं दोन नांवें एकत्र कां जोडलीं आहेत, याचें उत्तर येथें मिळतें. इंग्रजी वाचकांना ‘डॉन क्विक्झोट’ म्हणून ठाऊक असलेली सेर्व्हांतेसची कादंबरी घ्यावी. तिचा पहिला भाग १६०५ सालीं आणि दुसरा १६१५ सालीं निघाला. पवनचक्क्यांना राक्षस समजून त्यांवर चाल करणारा वेडा सरदार सर्वांना माहीत असतो. परंतु या कथेचा मूळ लेखक सीदे हामेते बेनेन्हेली नांवाचा एक अरब इतिहासकार आहे, असें सेर्व्हांतेस मिस्किलपणें सांगतो; तोलेदोच्या बाजारांत अरबी बाडें विकत मिळालीं आणि एका मोरिस्कोला मनुके व गहूं देऊन त्यांचें भाषांतर करविलें, अशी बतावणी तो करतो. केवळ गोष्ट वाचणाऱ्याला ही एक गंमत वाटेल. पण त्या काळीं स्पेनमध्यें अरबी ग्रंथ बाळगणें हेंच संशयाला कारण होतें, आणि खुद्द सेर्व्हांतेस पांच वर्षें अल्जियर्समध्यें कैदी होता, हें कळल्यावर त्या विनोदाची धार जाणवूं लागते.

दुसऱ्या भागांत तर रिकोते नांवाचा एक मोरिस्को दुकानदार भेटतो. तो सांचोचा शेजारी. हद्दपारीच्या हुकुमानें देशाबाहेर गेलेला हा मनुष्य यात्रेकरूच्या वेषांत, पुरून ठेवलेलें द्रव्य काढण्यासाठीं, चोरून परत आलेला आहे. सांचोला तो ओळख देतो. दोघे बसून खातात-पितात. राजाचा हुकूम योग्यच होता असें रिकोते तोंडानें म्हणतो, आणि त्याच तोंडानें जन्मभूमीच्या वियोगाचें दुःखहि सांगतो. सांचो त्याला मदत करण्याचें नाकारतो, परंतु त्याच्याविषयीं वाच्यताहि करीत नाहीं. हद्दपारी संपून फार काळ लोटला नसतांना हें छापलें गेलें. सेर्व्हांतेस हुकुमाच्या बाजूचा कीं विरुद्ध, यावर विद्यार्थी तासन् तास वाद घालतात, आणि तो वाद निकालांत निघत नाहीं. इतिहास ठाऊक नसेल तर हें प्रकरण हातांतून निसटतें. आणि केवळ इतिहासच वाचला तर शेजाऱ्याशीं कसें वागावें याचा पेंच कोणत्याहि फर्मानांत सांपडत नाहीं.

दुसरा टप्पा अमेरिकेचा. १४९२ हें वर्ष या अभ्यासांत वारंवार येतें. त्याच वर्षीं ग्रानादा पडलें, यहुदी हद्दपार झाले, कोलंबस समुद्रापार गेला, आणि आंतोनियो दे नेब्रिहा यानें स्पॅनिश भाषेचें पहिलें व्याकरण छापलें. भाषा ही साम्राज्याची सहचारिणी होय, असा विचार त्यानें प्रस्तावनेंत राणी इसाबेलेपुढें मांडला. इंग्रजी शिकून वाढलेल्या भारतीय वाचकाला हा विचार अपरिचित वाटणार नाहीं. पुढें काय झालें तें मात्र नेब्रिहाला कल्पितां आलें नसतें. जिंकलेल्यांनीं तीच भाषा हातीं घेऊन आपली बाजू मांडली.

इंका गार्सिलासो दे ला व्हेगा हा १५३९ सालीं पेरू देशांत कूस्को येथें जन्मला. बाप स्पॅनिश सरदार, आई इंका राजकुळांतील. उतारवयांत त्यानें स्पेनमध्यें बसून आईच्या पूर्वजांचा इतिहास उत्तम स्पॅनिश गद्यांत लिहिला. तो १६०९ सालीं लिस्बन येथें छापला गेला. त्याच्याहून विलक्षण कथा ग्वामान पोमा या पेरूच्या मूळ रहिवाशाची. त्यानें सुमारें १२०० पृष्ठांचें एक बाड स्पेनच्या राजाला उद्देशून लिहिलें. त्यांत जवळजवळ ४०० चित्रें स्वहस्तें काढलीं, आणि स्पॅनिश अंमलदार व पाद्री यांनीं चालविलेला जुलूम त्यांत दाखविला. १६१५ च्या सुमारास तें पुरें झालें. राजाच्या दृष्टीस तें पडल्याचा पुरावा नाहीं. १९०८ सालीं कोपनहेगनच्या राजकीय ग्रंथालयांत एका जर्मन विद्वानाला तें आढळलें, आणि १९३६ सालीं पॅरिसमध्यें त्याची प्रतिकृति प्रसिद्ध झाली. टिकनोरच्या विद्यार्थ्यांना जें वाचतांच येणें शक्य नव्हतें, तें आजच्या विद्यार्थ्याला नेमलेलें पुस्तक म्हणून वाचावें लागतें. अभ्यासक्रम हा दगडावर कोरलेला नसतो, हें यावरून दिसून येतें.

याच टप्प्यांत मेक्सिकोची जोगीण सोर ह्वाना इनेस दे ला क्रूस भेटते. लहानपणीं, विद्यापीठ म्हणून कांहीं असतें हें ऐकून तिनें आईकडे हट्ट धरला कीं, मला पुरुषाचा वेष देऊन तेथें पाठवा. तें शक्य नव्हतें. तेव्हां ती आजोबांच्या पुस्तकांवर स्वतःच शिकली. ठरविलेला पाठ ठरल्या वेळांत आला नाहीं, तर ती स्वतःला शिक्षा म्हणून आपले केंस कापी. पुढें मठांत राहून तिनें काव्यें आणि नाटकें लिहिलीं. एका धर्माधिकाऱ्यानें तिला लौकिक विद्येपासून परावृत्त होण्याचा उपदेश केला. त्याला १६९१ सालीं तिनें जें दीर्घ उत्तर लिहिलें, तें स्त्रियांच्या विद्याधिकाराचें एक मोठें कैफियतपत्र मानलें जातें. पुस्तकें दूर ठेवावयास सांगितलीं तेव्हांहि बुद्धि स्वस्थ बसली नाहीं, हें सांगतांना ती स्वयंपाकघरांतला दाखला देते : तेलांत तळलेलें अंडें एकसंध राहतें, पाकांत टाकलें तर फुटून जातें; असें कां व्हावें? ज्या संस्थेंत तिला पाऊल ठेवतां आलें नाहीं, तशा संस्थांतून आज तिचें हें पत्र मुलामुलींना शेजारीं शेजारीं बसवून शिकवितात.

अर्वाचीन काळाचा पसारा मोठा आहे, आणि त्याचीं नांवें वाचकांच्या अधिक परिचयाचीं आहेत. निकाराग्वाच्या रुबेन दारियोनें १८८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘आसूल’ या पुस्तकानें नव्या काव्याची दिशा दाखविली, आणि ती दिशा अमेरिकेकडून स्पेनकडे गेली, उलट नव्हे. चिलीची गाब्रिएला मिस्त्राल हिला १९४५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यानंतर पाब्लो नेरूदा, गार्सिया मार्केस, ओक्ताव्हियो पास, व्हार्गास योसा यांना तें मिळालें. यांपैकीं पास हा १९६२ ते १९६८ या काळांत भारतांत मेक्सिकोचा राजदूत होता. मेक्सिकोमध्यें सरकारनें विद्यार्थ्यांवर गोळीबार केला तेव्हां निषेध म्हणून तो त्या पदावरून दूर झाला. भारताविषयींचीं त्याचीं काव्यें आणि निबंध हे स्पॅनिश वाङ्मयांत मोडतात.

शिकविण्याच्या पद्धतीविषयीं दोन शब्द अवश्य आहेत. या विषयांतील मुख्य साधन म्हणजे उताऱ्याचें विवरण. एक पान घ्यावयाचें, आणि तें कोणीं, केव्हां, कोणासाठीं लिहिलें, त्यांतील शब्द त्या काळीं कोणत्या अर्थानें चालत, बोलणारा कोण व ऐकणारा कोण, हें सर्व तासभर उलगडावयाचें. इंग्रजी भाषांतरांत जें हरवतें तें येथें सांपडतें. इंग्रजींत सर्वांना एकच सर्वनाम. स्पॅनिशमध्यें मराठीप्रमाणें सलगीचें निराळें आणि आदराचें निराळें. किहोते सांचोला ‘तूं’ म्हणतो आणि सांचो धन्याला ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या आदरार्थी शब्दांनीं संबोधितो. त्या शब्दांचाच संक्षेप होऊन आजचें ‘उस्तेद’ हें सर्वनाम झालें. धनी-चाकरांतील हें अंतर मराठी विद्यार्थ्याला सहज जाणवतें. या बाबतींत तो इंग्रज विद्यार्थ्यापेक्षां कांकणभर सरसच ठरावा.

या विषयाला एक धोकाहि आहे. ‘संस्कृति’ या नांवाखालीं बैलांची झुंज, गिटार, नाच आणि खाद्यपदार्थ यांची जत्रा भरविणें सोपें असतें, आणि विद्यार्थ्यालाहि तें आवडतें. अशा वर्गांतून तो देश पाहिल्यासारखें वाटतें, पण त्या देशाच्या लोकांना कोणते प्रश्न छळीत होते हें कळत नाहीं. उलट, केवळ ग्रंथांच्या आणि सनावळीच्या याद्या पाठ करून घेणारा वर्गहि तितकाच निष्फळ. चांगला अध्यापक दोहोंच्या मधून वाट काढतो.

महाराष्ट्राचा आणि या विषयाचा संबंध अगदींच दूरचा नाहीं. १५८० पासून १६४० पर्यंत स्पेन व पोर्तुगाल यांचा राजा एकच होता. म्हणजे त्या साठ वर्षांत गोवा आणि मेक्सिको यांच्या नाण्यांवर एकाच घराण्याचा अंमल होता, जरी कारभार वेगळा चाले. घराघरांतला ‘बटाटा’ हा शब्दच मुळीं कॅरिबियन बेटांतील मूळ रहिवाशांचा. तो इकडे पोर्तुगीजांनीं आणला. अलीकडची एक गोष्ट अधिक कौतुकाची आहे. कार्ल केलर नांवाच्या अमेरिकन संग्राहकाला किहोतेचीं निरनिराळ्या भाषांतील भाषांतरें जमविण्याचा नाद होता. संस्कृत भाषांतर मिळेल काय, अशी त्यानें ऑरेल स्टाइन या संशोधकाकडे पृच्छा केली. आणि १९३५ नंतर काश्मिरांत नित्यानंद शास्त्री व जगद्धर झाडू या पंडितांनीं कांहीं प्रकरणांचें इंग्रजीवरून संस्कृतांत भाषांतर केलें. तें हस्तलिखित हार्वर्डच्या ग्रंथालयांत जाऊन पडलें. पुढें तें शोधून काढून संपादित करण्यांत आलें, आणि २०१९ सालीं पुण्याच्या एका ग्रंथमालेंत प्रसिद्ध झालें. त्याच्या उलट दिशेनें, रवींद्रनाथांचें काव्य सेनोबिया काम्प्रुबी हिनें ह्वान रामोन हिमेनेस या कवीच्या साहाय्यानें १९१५ पासून स्पॅनिशमध्यें आणलें होतें. दोन्ही खेपेस मध्यस्थी इंग्रजीचीच होती.

ती मध्यस्थी टाळून मूळ भाषेंतच हें वाङ्मय वाचणारे विद्यार्थी आतां भारतांतहि तयार होतात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठांत स्पॅनिशचा उच्च अभ्यास होतो, आणि २००९ पासून त्याच शहरांत सेर्व्हांतेस संस्थेची शाखा आहे. पुष्कळजण नोकरीच्या आशेनें या भाषेकडे वळतात, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. १९१६ सालीं न्यूयॉर्कला ओनीसच्या वर्गांत आलेले विद्यार्थीहि त्याच आशेनें आले होते. परंतु जो विद्यार्थी भाषेवर न थांबतां रिकोतेपर्यंत आणि सोर ह्वानापर्यंत पोंचतो, त्याच्या पदरांत आणखीहि कांहीं पडतें. युरोप म्हणजे केवळ इंग्लंड नव्हे, हें त्याला कळतें. राज्यकर्त्यांची भाषा राज्यकर्त्यांपुरती राहत नाहीं, हें चारशें वर्षांच्या दाखल्यांवरून पटतें. आणि आपल्या शेजारच्या मनुष्याविषयीं हुकूम सुटला असतां काय करावें, हा सांचोपुढला प्रश्न त्याच्याहि मनांत घर करून राहतो.